जुन्या संगणकातला कुलवृत्तांत

शिंदेशाहीत दक्षिणेतून माळव्यात गेलेली मराठी घरं उज्जैनला आजही नांदत आहेत. अशाच एका घरात माझी मावशी राहते. तिचं माहेर बेळगावचं, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही जिभेवर. नातवंडं मात्र हिंदीत वाढलेली. मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, बरीच वर्षं खपून घराण्याचा कुलवृत्तांत टाइप केला, तोही २००९ साली घेतलेल्या संगणकावर. दोन जीबी रॅम, विंडोज ७. सुरू व्हायला इतका वेळ की तेवढ्यात चहा पिऊन होतो. दुकानात सल्ला मिळाला, "भंगारात द्या." काकांनी मग मला फोन केला.

वाचकहो, असं एखादं यंत्र तुमच्याही माळ्यावर असेल. विंडोज ७ च्या सुरक्षा-सुधारणा १४ जानेवारी २०२० ला थांबल्या, विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला लागणारी नवी सुरक्षा-व्यवस्था जुन्या यंत्रांत नसते. म्हणजे यंत्र धडधाकट, पण आतली प्रणाली निवृत्त! यावर लिनक्स हा चांगला उतारा आहे. ती फुकट आहे, खुली आहे आणि तिचे हलके प्रकारही मिळतात. काकांसाठी आम्ही लिनक्स मिंटचा 'एक्सएफसीई' प्रकार निवडला. त्याला किमान दोन जीबी रॅम लागते. रॅम एकच जीबी असेल किंवा प्रोसेसर ३२ बिटी असेल, तर 'अँटीएक्स २३' पाहावी.

पण आधी एक काम, आणि घाईत नेमकं तेच राहतं. काकांचा सगळा मजकूर 'कृतिदेव' फॉन्टात होता. अशा जुन्या फॉन्टांत आत साठतात ती इंग्रजी अक्षरं, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट गेला की पणजोबांचं नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. नुडी किंवा बरहच्या जुन्या फॉन्टांत कन्नड मजकूर ठेवणाऱ्यांचीही हीच गत. म्हणून फायलींबरोबर फॉन्टची फाइलही पेनड्राइव्हवर घ्यायची आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायची. उघडली, वाचता आली, की मगच पुढे.

दुसऱ्या पेनड्राइव्हवर नातवाने 'रूफस' वापरून मिंट उतरवून घेतली. संगणक सुरू करताना एफ१२ दाबलं (कुठे हे बटण एफ२, एस्केप किंवा डिलीटही असतं) आणि मिंट थेट पेनड्राइव्हवरूनच चालू झाली. या अवस्थेत हार्डडिस्कला हात लागत नाही. आवाज, इंटरनेट, प्रिंटर सगळं इथेच तपासून घ्यावं. 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय निवडला की मात्र जुनं काही उरत नाही.

मेनू हिंदीत ठेवले, नातवंडांच्या सोयीसाठी. यात एक गंमत आहे. एक्सएफसीईच्या हिंदी भाषांतरात मोठा वाटा 'रवि रतलामी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रविशंकर श्रीवास्तव यांचा, आणि रतलाम हा उज्जैनचा शेजारचाच जिल्हा!

मावशीला आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही जोडता येतात. इन्स्क्रिप्ट पद्धतीत दोन्ही लिप्यांची अक्षरं त्याच बटणांवर असतात. 'के'वर आपला क आणि कन्नडचाही क. शिफ्ट धरून 'एन' दाबलं की दोन्हीकडे ळ. एकदा बोटांना वळण लागलं की लिपी बदलायची, बोटं नाहीत. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी यादीत 'मराठी (कगप)' आहे. हे कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. कन्नडसाठी बसवलेली मांडणी मराठीच्याही कामी येते, आपल्या सीमाभागात तर यावीच.

आता खरं सांगायचं तर लिनक्समुळे म्हातारं यंत्र तरुण होत नाही. लिहिणं, छापणं, टपाल हे झकास चालतं. ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की दोन जीबी रॅम धापा टाकते. साधी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर फरक लगेच जाणवतो, तेवढा खर्च मी जरूर करीन. उज्जैनला जुनं दुरुस्त करून वापरणं नवं नाही. राजा जयसिंगाची वेधशाळा १९२३ साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली, तिथल्या सूर्ययंत्रावर आजही वेळ पाहता येते.

काकांनी कृतिदेवचा फॉन्ट नव्या प्रणालीत बसवला आणि कुलवृत्तांत लिबरऑफिसमध्ये उघडला. आता रोज चार पानं युनिकोडमध्ये बदलतात. बदलताना जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी अधूनमधून घसरतात, म्हणून मूळ पान शेजारी ठेवून प्रत्येक नाव तपासायचं. ते काम मावशीकडे आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत, तोवर सातवी पिढी पुरी होईल असा दोघांचा अंदाज आहे.