फुकटची शिळी मॅच

‘‘पूर्वी फुटबॉल टीव्हीवर फुकट दिसायचा हो!’’ असा उसासा आमच्या मेलबर्नच्या शेजाऱ्यांनी टाकला की माझं पित्त खवळतं. (तिथला फुटबॉल हातानंही खेळतात, तो वाद वेगळा.) दिसायचा, पण कधी? ऑस्ट्रेलियात टीव्ही आला १९५६ साली आणि मेलबर्नच्या लीगची अंतिम लढत मेलबर्नकरांना घरात थेट दिसली १९७७ साली! तोवर कारभाऱ्यांचा एकच धोशा : घरबसल्या मॅच दिसली तर मैदानावर कुत्रं फिरकायचं नाही. म्हणजे रेडिओवर निकाल ऐकायचा, पोटभर हळहळायचं आणि नंतर तीच मॅच टीव्हीवर ‘आता काय बरं होणार’ असा चेहरा करून बघायची. शिळ्या भाताला निदान फोडणी तरी देतात!

बरं, १९७७ साली झालं काय? मैदानावर १,०८,२२४ माणसं! कुत्र्यांची मोजदाद नाही. नॉर्थ मेलबर्न ७६, कॉलिंगवूड ७६. बरोबरी. पुढच्या शनिवारी पुन्हा मॅच, पुन्हा अठ्ठ्याण्णव हजारांवर माणसं.

सिडनीच्या रग्बी लीगमध्ये पुढे उलटंच. पे-टीव्हीच्या हक्कांपायी पॅकर आणि मर्डॉक भांडले, १९९७ साली एका खेळाच्या दोन लीगा झाल्या. दिलजमाई झाली तर म्हणे क्लब चौदाच हवेत! १९०८ पासूनचा साउथ सिडनी १९९९ च्या हंगामानंतर बाहेर. लोक रस्त्यावर उतरले, क्लब कोर्टात गेला, २००२ साली परत आला. ते मोर्चे तेवढे टीव्हीच्या बातम्यांत फुकट दिसले.