घासाघीस म्हणजे अडथळा?

ऑस्ट्रेलियात १९४८ पासून पीबीएस ही सरकारी औषध योजना आहे. नवीन औषध आलं की तज्ज्ञांची समिती सरळ विचारते, जुन्यापेक्षा हे कितपत बरं, आणि त्याचे एवढे पैसे का मोजायचे? मग सरकार कंपनीशी भाव ठरवतं. २०२६ पासून साधारण पेशंटला एका प्रिस्क्रिप्शनमागे २५ ऑस्ट्रेलियन डॉलर पडतात, उरलेले सरकार भरतं.

अमेरिकन औषध कंपन्यांना हा म्हणे व्यापारातला अडथळा वाटतो! २००४ च्या मुक्त व्यापार करारात समितीच्या नकारावर फेरतपासणीची सोय पदरात पाडून घेतलीच होती. २०२५ मध्ये टॅरिफच्या धाकाआडून पुन्हा तीच रड. अहो, मोठं गिऱ्हाईक घासाघीस करणारच. क्लायंटने रेट पाडला म्हणून आपण आयटीवाले डब्ल्यूटीओत जातो का?

आणि गंमत बघा, अमेरिकेच्याच मेडिकेअरने २०२२ च्या कायद्याचा आधार घेऊन दहा औषधांचे भाव घासाघीस करून उतरवले, १ जानेवारी २०२६ पासून ते लागूही झाले. तो मात्र अडथळा नाही बरं का!