आबांचा घोडा

गेल्या महिन्यात धाकट्या लेकीला शाळेतून एक काम मिळालं. घरातल्या किंवा नात्यातल्या कुणी सैन्यात नोकरी केली असेल, तर त्यांची गोष्ट लिहून आणायची. सोबत एक चित्र. लेक एकदम खूश! कारण आमच्या घरात अशी एक गोष्ट आहे आणि दर दिवाळीला ती एकदा तरी सांगितली जाते. माझ्या नवऱ्याचे पणजोबा, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे आबा, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते. घोड्यावर बसून तुर्कांशी लढले आणि मेडल घेऊन परत आले. एवढीच गोष्ट. पण सांगताना सगळ्यांची छाती फुगते.

आम्ही मूळचे विट्याजवळचे. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा, म्हणजे गलाईचा आमचा धंदा. त्या भागातली माणसं या धंद्यासाठी देशभर पांगली, तसे माझे सासरे कोलकात्याला आले. दुकान बऊबाजारात आणि घर बागबाजारात. त्यामुळे ‘बसरा’ म्हटलं की आमच्या मुलांना आधी मोतीच आठवतात. लेकीने एकदा विचारलंही होतं, “आबांनी मोती नाही का आणले?”

तर लेकीने चित्र काढलं. मोठा काळा घोडा, वर फेटा बांधलेले आबा, हातात तलवार. तेवढ्यात शेजारच्या दिदा आल्या. दिदा म्हणजे आजी. वय पंच्याऐंशीच्या पुढे. चित्र बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “ओमा, ए तो बर्गी!”

लेकीने माझ्याकडे पाहिलं. “आई, बर्गी म्हणजे काय?”

हा प्रश्न बागबाजारात राहणाऱ्या मराठी आईला कधी ना कधी येतोच. आमच्या घरापासून चालत गेलं तर थोड्या अंतरावर एक गल्ली आहे. तिचं नाव मराठा डिच लेन. डिच म्हणजे खंदक. मराठ्यांच्या भीतीने खणलेला खंदक!

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालात उतरले. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं स्वाऱ्या चालू राहिल्या. ज्याला घोडा आणि हत्यारं सरकारातून मिळायची, तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. या ‘बारगीर’चं बंगालीत झालं ‘बर्गी’. गावं जळाली, पिकं लुटली गेली, माणसं घरदार सोडून पळाली. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ लिहून ते नोंदवून ठेवलं. शेवटी १७५१ साली तह झाला. बंगालच्या नवाबाने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई द्यायचं कबूल केलं, तेव्हा स्वाऱ्या थांबल्या.

कोलकात्याच्या लोकांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता, खणला गेला तीन मैल. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवून तिथे सर्क्युलर रोड झाला. राहिलं ते गल्लीचं नाव आणि एक अंगाई. बाळ झोपलं, आळी शांत झाली, बर्गी आले, पाखरांनी धान खाल्लं, आता सारा कुठून भरायचा, अशा अर्थाची. आज बंगालातल्या लहान मुलांनाही ती पाठ असते.

“मला माझ्या आजीने हीच गाऊन निजवलंय,” दिदा म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता. पण मला ओशाळल्यासारखं झालं. आपण ज्या घोड्याचा अभिमान बाळगतो, त्या घोड्याच्या टापा दुसऱ्याच्या अंगाईत वाजतात, हे लेकीला कसं सांगायचं?

मी म्हटलं, आबांची गोष्ट तरी नीट विचारून घेऊ. म्हणून गावी आत्याबाईंना व्हिडिओ कॉल लावला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण. आबांच्या मांडीवर खेळलेलं घरातलं आता तेवढं एकच माणूस.

लेकीने चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं. आत्याबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “घोडा लई झ्याक काढलास गं बाय. पण आबा घोड्यावर कधी बसलंच न्हाईत. त्ये पायदळात हुतं.”

“मग घोडा कुठून आला?”

आत्याबाई उठल्या आणि कपाटातून मेडल घेऊन आल्या. चांदीचं, आता काळं पडलेलं. एका बाजूला पंचम जॉर्ज राजाचं तोंड. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस, वर १९१४ आणि १९१८. “ह्यो बघ घोडा. आम्ही पोरं इचारायचो, आबा, ह्यो तुमीच का? आबा नुसतं ‘हं’ म्हणायचं.”

त्या दोन सालांचं ते मेडल लाखो सैनिकांना मिळालं होतं. त्यावरचा घोडेस्वार म्हणजे इंग्रजांचा संत जॉर्ज. आमच्या घरात तो आबा होऊन बसला! गलाईवाल्याच्या घरात चांदीचं मेडल टिकलं हेच आश्चर्य. एका वाईट वर्षी ते मुशीत जाणार होतं. आजेसासूबाईंनी ते पदरात बांधून ठेवलं म्हणून वाचलं.

पण आत्याबाईंची गोष्ट संपली नव्हती. लेकीला त्यांनी पाणी आणायला पाठवलं आणि मला हळू आवाजात म्हणाल्या, “आबांचा घोडा खरा हुता, पोरी. पर बसायचा न्हवं. त्यांनी घोडा खाल्ला हुता. माझ्या आजीला तेवढं सांगितलं हुतं. आजीने मरायच्या आधी मला.”

मेडलच्या कडेवर आबांचा नंबर आणि पलटण कोरलेली आहे : ११०. म्हणजे ११०वी मराठा. तेवढ्या एका आकड्याने मला वाट दाखवली. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. डिव्हिजनने १९१४च्या नोव्हेंबरात बसरा घेतला आणि पुढच्या वर्षी ती बगदादच्या दिशेने निघाली. बगदादच्या अलीकडे मार खाऊन ती मागे फिरली आणि टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कुट गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, असा वेढा. आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या.

धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांनी कितीतरी आठवडे नकार दिला. गावाकडे कळलं तर जातीबाहेर टाकतील, मुलींची लग्नं होणार नाहीत, ही भीती होती. शेवटी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून ‘खायला हरकत नाही’ असे निरोप मागवावे लागले. तोवर कित्येकांच्या अंगात उभं राहायचंही बळ उरलं नव्हतं. शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. वाळवंटातून पायी चालत गेली, तुर्कांच्या रेल्वेच्या कामावर राबली. हजारो जण परत आलेच नाहीत.

आबा परत आले. माळकरी होते. आत्याबाई सांगतात, रोज रात्री चतकोर भाकरी धोतराच्या सोग्यात बांधून झोपायचे. सकाळी ती भाकरी गावातल्या टांग्याच्या घोड्याला घालायचे. “लोक म्हणायचं, लढाईतला घोडा आठवतोय. आबा काय बोलायचं न्हाईत.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गप्प बसले होते. आमच्या गोष्टीतलं शौर्य खोटं नव्हतं. पण ते तलवारीचं नव्हतंच. भुकेचं होतं, आणि त्यानंतर आयुष्यभर गप्प राहण्याचं होतं.

संध्याकाळी दिदांना हे सांगितलं. त्यांनी एक नाव घेतलं : कॅप्टन कल्याणकुमार मुखोपाध्याय. सैन्यातले बंगाली डॉक्टर. तेही त्याच कुटमध्ये होते! घरी आईला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी देशभक्तीच्या नावाखाली चालणाऱ्या रक्तपाताबद्दल मोकळेपणाने लिहिलं होतं. १९१७ साली कैदेत असतानाच रास अल-ऐन इथे ते वारले. त्यांची पत्रं एकत्र करून ‘कल्याण-प्रदीप’ हे पुस्तक कुणी लिहिलं माहीत आहे? त्यांच्या आजीने. मोक्षदादेवींनी, ऐंशीच्या घरात असताना. पुस्तक आलं १९२८ साली. बंगाल अँब्युलन्स कोअरमधून गेलेले शिशिर सर्वाधिकारी हेही कुटमध्येच पकडले गेले. कैदेत लिहिलेली पानं लपवून त्यांनी वाचवली. चार दशकांनी, १९५७ मध्ये, त्यांचं ‘अभि ले बगदाद’ आलं.

म्हणजे ज्यांच्या भीतीने बागबाजारला खंदक खणला, त्यांची नातवंडं-पतवंडं आणि खंदकाआडच्या लोकांची नातवंडं-पतवंडं पावणेदोनशे वर्षांनी एकाच वेढ्यात, एकाच भुकेने बसली होती. बंगाली आजीने ते लिहून ठेवलं. आमच्या आजीने पदरात बांधून ठेवलं. फरक एवढाच.

म्हणून आज तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणी सैन्यात होतं का? मग ते कोणत्याही लढाईतलं असो, १९१४ची, १९४२ची, १९६५ची किंवा कारगिलची. आजच घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला फोन लावा.

‘किती शत्रू मारले’ हा प्रश्न आधी नको. काय खाल्लं, कुठे झोपले, पत्र कोण वाचून दाखवायचं, परत आल्यावर कोणती सवय लागली होती, हे विचारा. घरातल्या बायकांना वेगळं विचारा, कारण खरी गोष्ट बहुतेक वेळा त्यांनाच सांगितलेली असते. परवानगी घेऊन फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

मेडल असेल तर घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. कडेवर नंबर आणि पलटणीचं नाव असतं, त्याचा जवळून फोटो काढा. महायुद्धात वारलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. वडिलांचं आणि गावाचं नावही तिथे कित्येकदा सापडतं. पण शोधताना जुना जिल्हा घाला. विटा तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. आडनावाची स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी लिहून बघा. स्वातंत्र्यानंतरच्या नोकरीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते.

आणि सापडलेली गोष्ट आपल्याला हवी तशी नसेल, तरी ती तशीच लिहा. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे, पण साध्या हिंदी शिपायांची तिथे नावं कोरली नाहीत, फक्त आकडे दिले. त्या नावांमागच्या गोष्टी आता घरांमध्येच शिल्लक आहेत.

लेकीला मी दोन दिवसांनी सगळं सांगितलं, बर्गींचं आणि आबांचंही. ती दहा वर्षांची आहे, तिला कळलं. तिने नवीन चित्र काढलं. घोडा तोच, काळा. पण पाठीवर कुणी नाही. समोर आबा उभे, हातात चतकोर भाकरी.

दिदांनी चित्र पाहिलं आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. या वेळी त्या बर्गी म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “घोड्याने खाल्ली का गं भाकरी?”