प्रतिमांची शिरगणती

मराठी कवितेवरील प्रबंधांत ‘प्रतिमासृष्टी’ नावाचे एक प्रकरण बहुधा असतेच. त्यात कवीच्या प्रतिमा दृक्, श्राव्य, स्पर्श, गंध आणि रुची अशा पाच खणांत वाटल्या जातात, प्रत्येक खणात चार-सहा उदाहरणे ठेवली जातात आणि अखेरीस त्या कवितेला ‘इंद्रियसंवेद्य’ असे प्रशस्तिपत्र मिळते. कवी बदलतो; खण बदलत नाहीत. कॅरोलाइन स्पर्जन यांनी 1935 साली शेक्सपिअरच्या प्रतिमांची अशीच मोजदाद तक्त्यांसह सादर केली. पण त्यांना त्या मोजणीतून निदान काही सिद्ध करावयाचे होते: नाटककाराची आवडनिवड, त्याच्या मनाची घडण. मराठीत साध्य गळून पडले आणि मोजणी तेवढी उरली.

या पद्धतीमागे एक गृहीत दडलेले आहे. शब्द हे संवेदना भरून ठेवलेले पात्र असून वाचकाने ते उघडताच आतली संवेदना त्याच्या इंद्रियांपाशी येते, हे ते गृहीत होय. गंमत अशी की या समीक्षेला मर्ढेकरांचा आधार घेण्याची सवय आहे. शब्दांचा नाद किंवा त्यांनी सूचित झालेली संवेदना हे साहित्याचे माध्यम नसून भावनात्मक अर्थ हे ते माध्यम होय, अशी मर्ढेकरांची भूमिका होती. ‘भावनानिष्ठ समतानता’ ही त्यांची संज्ञा प्रतिमांची सांगड इंद्रियांच्या साम्यावर न घालता भावनेच्या साम्यावर घालते. म्हणजे ज्यांच्या नावावर हे पाच खण खपवले जातात, त्यांनीच त्यांच्या तळाखालची फळी काढून घेतली होती. मर्ढेकरांच्या उपपत्तीतही एक जागा मोकळी राहिली, हे मात्र मान्य केले पाहिजे. शब्दाचा भावनात्मक अर्थ कोणाच्या मनात आणि कशामुळे साठतो, या प्रश्नापाशी ती फारशी रेंगाळत नाही.

मराठी भाषेकडेच पाहिले तर पाच खणांची व्यवस्था किती परकी आहे हे ध्यानात येते. जखम चुरचुरते आणि बोललेला शब्दही मनात चुरचुरत राहतो. काटा सलतो, अपमानही सलतो. चप्पल बोचते, उपकार बोचतात. कापडाचा रंग विटतो, माणसाचे मनही विटते. ‘रुखरुख’, ‘तळमळ’, ‘घालमेल’ या शब्दांत शरीर कोठे संपते आणि मन कोठे सुरू होते, हे कोणत्या प्रबंधकाराने सांगावे? ‘सल’ ही स्पर्शप्रतिमा मानावी की भावनावाचक नाम, हा प्रश्न भाषेपुढे कधी पडलेला नाही. तो तक्ता आखणाऱ्यापुढे पडतो. कातडीवरून मनाकडे जाणारी ही वाट पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने मळलेली आहे. वापराची स्मृती वगळून शब्दाची संवेद्यता सांगू पाहणे म्हणजे चालणाऱ्यांना वगळून पायवाटेचे वर्णन करणे होय.

स्मृतीचा विचार आपल्या परंपरेत नव्हता असेही नाही. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे कानी येते आणि दुष्यंत अकारण व्याकुळ होतो, काय आठवते आहे ते त्याला सांगता येत नाही. अभिनवगुप्ताने रसविचारात हे स्थळ उगाच घेतलेले नाही. ऐकलेल्या ध्वनीने आतली वासना हलते आणि आठवणीचा विषय मात्र समोर येत नाही, अशी ती अवस्था आहे. पण या विचाराचा आजचा वापर सोयीचा झाला आहे. रती, शोक, भय यांची वासना सर्वांच्या ठायी असते, हे अभिनवगुप्ताचे म्हणणे मान्य केले तरी ती कोणत्या शब्दाने हलेल हे सर्वांच्या बाबतीत एक असते, असे त्यातून निघत नाही. हा दुसरा दावा समीक्षकांनी आपल्या पदरचा घुसडला आणि ‘सहृदय’ या शब्दाचा अर्थ हळूहळू ‘आपल्यासारख्या घरात वाढलेला’ असा होऊन बसला.

‘वशाट’ हा शब्द घ्यावा. एका घरात तो उच्चारला की चुलीवरचे कालवण, वाट पाहणारी पोरे, सणाचा किंवा पाहुण्याचा दिवस असे सगळे एकदम जागे होते. दुसऱ्या घरात त्याच शब्दाने नाक मुरडले जाते. नाकाची रचना दोन्ही घरांत एकच. ही तर ‘गंधप्रतिमा’ आहे म्हणून शब्द खणात टाकला की मधले सगळे, म्हणजे जात, चूल, पंगतीतले अंतर, दिसेनासे होते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (1972) बीभत्सरसाच्या कप्प्यात बसवण्याची हौस याच आंधळेपणातून आली. बीभत्स कोणाला? त्या वस्तीत राहणाऱ्याला तिचा वास हा रस नसतो, ती त्याची रोजची हवा असते. विजय तेंडुलकरांनी त्या संग्रहाच्या प्रस्तावनेत अनेक शब्द आपल्याला अपरिचित असल्याचे उघड सांगून कवीकडूनच त्यांचे अर्थ समजून घेतले. मराठी समीक्षेला हा प्रामाणिकपणा एकंदरीत झेपलेला नाही. तिला न कळलेला शब्द ‘भडक’ वाटतो.

अलीकडे या जुन्या गृहीताला विज्ञानाचा टेकू देण्यात येतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीव्र वासाच्या वस्तूंची नावे नुसती वाचतानाही स्पॅनिश भाषकांच्या मेंदूतील गंधाशी संबंधित भाग सक्रिय झाल्याचे आढळले. प्रयोग महत्त्वाचा आहे. पण मेंदूचा कोणता भाग जागा झाला एवढेच त्यातून समजते. वाचणारा तो वास जवळ ओढतो की दूर लोटतो हे त्याने कोठे आणि कोणाबरोबर तो वास घेतला यावर ठरते. त्याचे उत्तर आलेखात नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. शब्दाची स्मृती अशी घराघरांत विभागलेली असेल, तर बाहेरच्या वाचकाला परक्या अनुभवाचे साहित्य कायमचे बंदच राहणार काय? हा आक्षेप गंभीर आहे, परंतु तो चांगल्या साहित्यकृतीचे सामर्थ्य कमी लेखतो. उद्धव शेळके यांची ‘धग’ (1960) हाती घेताना वऱ्हाडाबाहेरच्या वाचकापाशी त्या शीर्षकाचा कोशातला अर्थ तेवढा असतो: विस्तवाची आंच. पुढे कौतिकचे कष्ट, महादेवचे दुखणे, संसाराची फरफट आणि या सर्वांतून वाहणारी वऱ्हाडी बोली यांच्या सहवासात तो शब्द पानागणिक काहीतरी साठवत जातो. वाचकापाशी नसलेली स्मृती कादंबरी त्याच्यात तयार करते. त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो, आणि आपण अनोळखी प्रदेशात आहोत हे कबूल करावे लागते. समीक्षेने खरे तर या घडणीचा माग काढावयाचा: शब्द कोणत्या प्रसंगी आला, कोणाच्या तोंडी आला, दुसऱ्यांदा आला तेव्हा किती जड झाला होता.

त्याऐवजी पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थांची यादी जोडून काम भागवले जाते. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) हे मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवरचे पुस्तक आपल्या नावातच ‘पूर्णब्रह्मा’चे परिचित वचन उलटे करून ठेवते. त्यातल्या ‘चान्या’ या शब्दापुढे ‘वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या’ असे लिहिले तर ते चूक ठरणार नाही. मग प्रबंधकार त्याची नोंद कोणत्या खणात करणार, रुचीच्या की गंधाच्या? वाळवून ठेवावे लागणे, पुढच्या दिवसाची भ्रांत, शेजाऱ्याच्या नजरेआड ते खाणे, यांच्यासाठी त्या तक्त्यात सहावा खण अजून कोणी आखलेला नाही.