विवाह रद्द करण्याचा हक्क आणि खानदेशातील मुली

घटस्फोट आणि विवाह रद्द होणे या दोन गोष्टी सर्वसामान्य बोलण्यात एकच मानल्या जातात. कायद्याच्या दृष्टीने त्यांत मूलभूत अंतर आहे. घटस्फोटाने वैध विवाह संपुष्टात येतो. रद्द ठरविलेला विवाह कायद्याच्या लेखी झालाच नव्हता, असे न्यायालय जाहीर करते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार फसवणूक अथवा बळजबरी ही त्याची कारणे होत. मात्र फसवणूक उघड झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

खानदेशच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा प्रश्न बालविवाहाचा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे 22 टक्के होते; धुळे जिल्ह्यात ते 40 टक्क्यांच्या घरात गेले. जळगावही राज्याच्या सरासरीहून वरच होते. ऊसतोडीसाठी जेथे जोडप्याला एक 'कोयता' समजून उचल दिली जाते, तेथे लग्न लवकर उरकणे हा हिशेबाचाच भाग होऊन बसतो. आखाजीचा मुहूर्त केवळ निमित्त!

2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने असा विवाह लावणे हा गुन्हा ठरविला. पळवून नेऊन, विकून किंवा न्यायालयाची मनाई मोडून लावलेला विवाह तर मुळातच शून्य आहे. इतर बालविवाह मात्र अल्पवयीन पक्षाने जिल्हा न्यायालयात मागणी केली तरच रद्द होतात. कर्नाटकाने 2017 मध्ये ही अट काढून टाकली. महाराष्ट्राने तसे केलेले नाही. लग्न लावणारा दोषी आणि लग्न मात्र कायम, अशी ही चमत्कारिक स्थिती आहे.

मुलीला हा अर्ज वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत करता येतो. ती अजून अज्ञान असेल तर पालक अथवा वादमित्र आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारी यांच्यामार्फत जावे लागते. ज्या पालकाने अक्षता टाकल्या, त्यानेच अर्जावर सही करावी, ही अपेक्षा कितपत व्यवहार्य आहे? डॉ. रखमाबाईंना 1887 मध्ये 'नवऱ्याकडे जा, नाही तर तुरुंगात जा' असा हुकूम झाला, तेव्हा त्यांच्यामागे मुंबईतील सुशिक्षितांचा एक वर्ग उभा होता. साक्री किंवा चोपड्याच्या सोळा वर्षांच्या सुनेमागे कोण उभे राहणार?

वास्तविक कायदा तिच्या बाजूने बरेच देतो. विवाह रद्द झाल्यावर दोन्हीकडचे दागिने, पैसे व भेटवस्तू परत करण्याचा आदेश होतो. पुनर्विवाहापर्यंत पोटगी मिळू शकते. झालेले मूल औरसच राहते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, वकील विनामूल्य मिळतो. परंतु ही माहिती तिला सांगणार कोण? ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच प्रतिबंधक अधिकारी असतो आणि त्याचे काम मांडवाच्या दारी थांबते. लग्न रोखता आले नाही, तर त्या मुलीचे नाव नोंदवून ती अठरा वर्षांची होताच तिला या हक्काची लेखी सूचना देण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली पाहिजे. त्यासाठी नवा कायदा नको, जिल्हाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरे आहे.