आजार वर्षांचा, मंजुरी महिन्यांची

रात्री हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांची अडकलेली बिलं सोडवणं ही माझी नोकरी. विमा कंपनीने क्लेम नाकारला की आम्ही कारण शोधतो, फोन लावतो, अपील करतो. तिकडच्या ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामकं, हेरॉइन आणि फेंटॅनिल यांच्या व्यसनाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, ते बहुतेक पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीच्या आणि तिच्या मालक सॅकलर कुटुंबाच्या पापांबद्दल असतं. पापं खरीच आहेत. पण व्यसन जडलेल्या माणसाला उपचार मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी बिलावर ठरतं, आणि बिलाबद्दल कुणी बोलत नाही.

ब्युप्रेनॉर्फिनचं इंजेक्शनच घ्या. तलफ थोपवणारं हे औषध महिन्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचतात. पेशंट वेळेवर आला, नर्सने इंजेक्शन दिलं, सगळं रीतसर. काही आठवड्यांनी क्लेम परत येतो, कारण ‘सीओ-१९७’: पूर्वमंजुरी नाही. मंजुरी घेतलेली असते हो. तिची मुदत मंगळवारी संपली आणि इंजेक्शन गुरुवारी दिलं, एवढंच. मग मी फोन लावते. होल्डवरची तीच ती धून ऐकत बसते. शेवटी पलीकडून विचारणा होते, या औषधाची अजून गरज आहे याचा कागद काय? इन्सुलिनच्या क्लेमवर ‘अजून मधुमेह आहे का’ असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. छोट्या दवाखान्याने हे महागडं औषध बऱ्याचदा पदरचे पैसे घालून आणलेलं असतं. असे दोन-चार क्लेम बुडाले की डॉक्टर ते इंजेक्शन देणंच बंद करतो. त्याला तरी कोणत्या तोंडाने दोष द्यायचा?

सरकारी हिशेबही काही वेगळा नव्हता. ज्येष्ठांची मेडिकेअर योजना ऑक्सिकोडोनच्या गोळ्यांचे पैसे देत होती. त्याच गोळ्यांच्या व्यसनावर मेथाडोन देणाऱ्या केंद्रांना मात्र जानेवारी २०२० पर्यंत एक डॉलर देत नव्हती. ऑक्सिकोडोनचीच पर्ड्यूची गोळी, ऑक्सिकॉन्टिन, बाजारात आली १९९६ मध्ये. मधली वर्षं तुम्हीच मोजा. २०२० पासून औषध, समुपदेशन आणि लघवीची तपासणी यांचा मिळून आठवड्याचा एकच दर ठरला. उशिरा सुचलेलं, पण शहाणपण.

मला सगळ्यात पटलेली व्यवस्था व्हरमाँटची. राज्य चिमुकलं. अवघड पेशंट मोठ्या केंद्रात जातात, सावरलेले आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे. केंद्राला पेशंटमागे महिन्याचा ठरावीक दर. आणि गावातल्या डॉक्टरांकडे मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विमा योजनेच्या, दर शंभर पेशंटमागे एक नर्स आणि एक समुपदेशक, त्यांचा खर्च मेडिकेडकडून. पेशंट किती वेळा खुर्चीत बसला याच्याशी त्या पगाराचा संबंध नाही. नेहमीच्या बिलात नर्सने केलेल्या ‘काल का आला नाहीस रे?’ या फोनचे पैसे सहसा मिळत नाहीत. आणि ज्याचे पैसे नाहीत, ते काम आमच्या स्क्रीनवर उमटतच नाही. व्यसनातून सुटणं मात्र पुष्कळदा अशाच फोनवर अवलंबून असतं.

आमचे टीम लीड म्हणतात, मंजुऱ्या काढल्या तर लुटारू मोकाट सुटतील. अगदीच चूक नाही. फ्लोरिडात व्यसनमुक्तांच्या घरांमधून एकेका माणसाच्या लघवीच्या तपासण्या इतक्या लावल्या गेल्या, की धंदा उपचाराचा नसून बाटल्यांचा झाला. पण ती लूट दर तपासणीला पैसे देण्यातूनच उपजली होती. महिन्याच्या दरातही खोट आहे: नाव नोंदवायचं आणि हात झटकायचे. म्हणून दराचा काही भाग सहा महिन्यांनी पेशंट उपचारात टिकला का, यावर द्यावा. तेवढ्यावर थांबलं तर दवाखाने सोपे पेशंट वेचतील आणि बेघर माणसाला दारातूनच परत पाठवतील. तेव्हा अशा माणसाचा दर चढा हवा.

खासगी विमा कंपन्या हे आपणहून करतील, अशी आशा मला नाही. व्यसनात नोकरी जाते, नोकरीबरोबर विमा. आज उपचारावर खर्च एका कंपनीने करायचा आणि तीन वर्षांनी वाचलेले पैसे दुसरीच्या खिशात, हा सौदा कोण करेल? त्यामुळे भार मेडिकेडवर येतो. ओपिऑइडचं व्यसन असलेल्या ६५ वर्षांखालच्या प्रौढांपैकी पुष्कळ लोक याच योजनेत आहेत. आणि तिथेच २०२५ च्या कायद्याने योजनेच्या विस्तारातून आत आलेल्या प्रौढांना कामाची अट घातली आहे. राज्यांना ती २०२७ सुरू होईपर्यंत लागू करायची आहे. बहुतांश राज्यांत त्या प्रौढांची पात्रताही दर सहा महिन्यांनी तपासली जाईल. व्यसनाच्या पेशंटना अटीतून सूट आहे, पण ज्याला पोस्टाचा कायमचा पत्ता नाही, त्याने तिचा कागद कुठून आणायचा? मेडिकेडकडे या माणसांचे क्लेम आधीच पडून आहेत. निदानाचा कोड ‘एफ-११’ ने सुरू होत असेल, तर संगणकाने आपणच सूट लावावी, कुणाकडे दाखला मागू नये. असे फिल्टर आमच्याकडे नव्याने लागलेली पोरंसुद्धा लावतात.