पेन्सिलीने लिहिलेली नाती

१९९१ मध्ये माझी सिरोंच्याला बदली झाली, तेव्हा आमच्या घरात कुणी आजारी पडल्यासारखी कुजबुज सुरू झाली. गडचिरोली जिल्हा होऊन जेमतेम नऊ वर्षे झालेली आणि जिल्ह्याचे ठिकाणच तिथून सुमारे २०० किलोमीटर लांब. गाव प्राणहितेच्या काठी; थोडे खाली गेले की ती गोदावरीला मिळते आणि पलीकडे तेलुगू मुलूख. बाजारात तेलुगू, कचेरीत मराठी, आतल्या गावांतून येणाऱ्यांच्या तोंडी माडिया. आमच्या लेजरमध्ये मात्र सगळे एकाच रांगेत उभे: अनुक्रमांक, नाव, पत्ता, शिल्लक.

पहिल्याच आठवड्यात मी कर्जाचे लेजर उघडले आणि भडकलो. पानोपानी समासात पेन्सिलीने काहीबाही लिहिलेले. ‘नदीकाठचा, मोठ्या घरातला नव्हे.’ ‘पान ११२ चा जामीनदार हाच.’ ‘बायकोचे खाते सेव्हिंग्जमध्ये, माहेरच्या नावाने.’ बँकेच्या पुस्तकात पेन्सिल म्हणजे पाप. मी हेडकॅशिअरना बोलावले. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, स्थानिक, तिन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलणारे. ते शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, हे शाईने लिहायला फॉर्मात जागा नाही. आणि लिहिलं नाही तर वसुलीला तुम्ही भलत्याच्याच दारात जाल.’’

त्यांचे म्हणणे मला महिन्याभरात पटले. तिकडे तेलुगू रिवाजाने आडनाव आधी येते, पुष्कळदा नुसते आद्याक्षर म्हणून. समजा, एकाचे आडनाव दुर्गम आणि नाव राजय्या. तो कधी ‘दुर्गम राजय्या’, कधी ‘दु. राजय्या’, आणि नागपूरकडच्या कारकुनाने अर्ज भरला तर ‘राजय्या दुर्गम’. वडिलांचे नाव कधी जोडलेले, कधी नाही. एका गावात चार राजय्या. कोण कोणता, हे त्या पेन्सिलीलाच ठाऊक!

पुढे, २००६ च्या सुमारास, जुनी खाती नव्या संगणक प्रणालीत चढवण्याच्या कामावर मी विभागीय कार्यालयात होतो. प्रत्येक ग्राहकाला एक क्रमांक द्यायचा होता. नियम चांगला होता, मुदत वाईट होती. दोन नावे अक्षरश: जुळली तर एक माणूस, नाही तर दोन, असे ठरले. सिरोंच्याची लेजरे आली. पेन्सिलीसाठी पडद्यावर रकाना नव्हता. मी चार वेळा ‘पण’ म्हटले आणि पाचव्या वेळी सही केली. ती सही माझी होती, हे मी नाकारत नाही.

तीन वर्षांनी एका विधवेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. नवऱ्याच्या पीककर्जाच्या नोटिसा येत होत्या, व्याज चढत होते, तिने दोन शेळ्या विकून थोडे भरलेही होते. त्याच शाखेत त्याच नवऱ्याची मुदत ठेव केव्हाच पिकून पडली होती. कर्ज ‘दु. राजय्या’ पद्धतीच्या नावावर आणि ठेव उलट्या क्रमाच्या नावावर. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे गृहस्थ होते; एक कर्जबाजारी, दुसरा चांगला ठेवीदार. ठेवीतून कर्ज वळते करण्याचा विचार कुणाच्या मनात येणार? हेडकॅशिअर निवृत्त झाले होते.

तेव्हापासून मला या विषयाचा नाद लागला. कादंबरी लिहिणाऱ्याने डेटाबेसची पुस्तके वाचावीत हे मित्रांना विनोदी वाटते, पण कुणाचे कोण, कुणाला कोण काय लागतो, हाच तर आमचाही धंदा.

एडगर कॉड या आयबीएममधील गणितज्ञाने १९७० साली एक निबंध लिहून सांगितले की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्ते समान किमतींच्या आधाराने एकमेकांना जोडावेत. रिलेशनल डेटाबेस म्हणतात तो हा. (‘रिलेशन’ म्हणजे इथे सोयरसंबंध नव्हे, गणितातला संबंध, म्हणजे तक्ताच. मी बरेच दिवस उलट समजत होतो.) कॉडच्या रीतीत आमचा गोंधळ मुळीच अटळ नव्हता. माणसांचा एक तक्ता, खात्यांचा दुसरा, आणि मधे तिसरा: कोणता माणूस कोणत्या खात्यात कोण म्हणून आहे. कर्जदार, जामीनदार की वारस. नावांचा आणखी एक तक्ता केला की एका माणसाला हवी तितकी नावे आणि हव्या त्या लिपीत. पेन्सिलीचे सगळे समास या दोन तक्त्यांत मावले असते. पण आमच्याकडे तक्ते काढले ते छापील फॉर्म समोर ठेवून. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत जी यंत्रे आली, तीही लेजर पोस्टिंगचीच. म्हणजे खाते हा नायक आणि माणूस त्याच्या पानावरची एक ओळ.

१९९१ साली, मी सिरोंच्यात पेन्सिलीवर भडकत होतो त्याच वर्षी, जनरल इलेक्ट्रिकमधील जेम्स रम्बॉ आणि त्याच्या चार सहकाऱ्यांनी ऑब्जेक्ट मॉडेलिंगच्या तंत्रावर एक पुस्तक काढले. त्यातली डेटाबेसच्या उपयोगाची गोष्ट साधी आहे. तक्ते नंतर. आधी कागदावर चौकोन काढा: इथे कोणत्या वस्तू, कोणती माणसे खरोखर आहेत? मग रेघा ओढा: एकाला एक, की एकाला अनेक? हे चित्र जाणकारांना दाखवा, आणि ते पटले की मग त्यातून तक्ते उतरवा. आमच्या हेडकॅशिअरना असे चित्र कुणी दाखवले असते, तर त्यांनी दहा मिनिटांत सांगितले असते की ‘खाते’ या चौकोनापासून सुरुवातच चुकली.

त्याही पुढची सोय म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल डेटाबेस. बर्कलीच्या मायकेल स्टोनब्रेकरने १९८६ मध्ये पोस्टग्रेसची कल्पना मांडली. तीत तक्त्याच्या एकाच रकान्यात नावांची अख्खी यादी ठेवता येते, नवे प्रकार घडवता येतात. छानच. पण तरुण मंडळी या सोयीवर भलतीच खूश असतात, याची मला धास्ती वाटते. यादी ठेवता येते म्हणून यादीत काय घालावे हे यंत्र सांगत नाही.

हे फक्त सिरोंच्याचे दुखणे आहे असे कुणी समजू नये. जून २०१७ मध्ये राज्य सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली आणि एकक ठरवले कुटुंब: पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले. धोरण म्हणून त्यात गैर काही नव्हते. पण बँकांच्या तक्त्यांत ‘कुटुंब’ नावाची वस्तूच नव्हती! मग शेतकऱ्यांनी जोडीने ऑनलाइन अर्ज भरायचे, ते बँकांच्या याद्यांशी ताडायचे. दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली, तरी पुष्कळांच्या खात्यात रक्कम पोचायला पुढे महिने लागले. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दोन लाखांच्या योजनेत एकक बदलून वैयक्तिक शेतकरी केले गेले. या दोन योजनांवर राजकारणाच्या अंगाने खूप लिहिले गेले. चौकोन कुणाचा काढायचा, हा मूळ प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

माझे म्हणणे इतकेच की हा चौकोन पुण्या-मुंबईच्या थंड खोलीत काढू नये. ज्याने काढायचा त्याला महिनाभर सिरोंच्यासारख्या शाखेत काउंटरमागे बसवावे. माझी भाची पुण्यात हेच काम करते. तिला हे सांगितले तर हसली. म्हणाली, ‘‘मामा, आम्हाला आवश्यकता समजून घ्यायला दोन मीटिंगा मिळतात.’’ मग थोड्या वेळाने तिने विचारले, ‘‘त्या अम्मांना व्याज परत मिळालं का?’’

ठेव वळती झाली, कर्ज फिटले. जास्तीचे व्याज परत करण्यासाठी वेगळी मंजुरी लागत होती. तिच्या अर्जात ग्राहक क्रमांकाची एकच चौकट होती. नवऱ्याच्या दोनांपैकी कोणता लिहायचा, या शेऱ्यासह तो दोनदा परत आला. तिसऱ्यांदा तिने पाठवलाच नाही.